जुन्या बुलेटच्या इंजिनातील बिघाड घरी कसा ओळखावा

गाडी सुरू झाली नाही की पुष्कळ जण आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. पॉइंटवर (प्लगच्या ठिणगीसाठी विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) चालणाऱ्या 350 सीसीच्या जुन्या बुलेटवर हा प्रयोग अजिबात करू नये, कारण त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि वर पेट्रोल-हवेचे मिश्रण बिघडते. आधी ठिणगी, मग पेट्रोल आणि शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब), हा क्रम पाळावा.

हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर येथे फार उपयोगी पडतो. चावी चालू करून किक सावकाश खाली दाबली असता पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे (बॅटरी खर्च होत असल्याच्या बाजूला) झुकतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर परततो. काटा मध्यावरून हलतच नसेल, तर बॅटरी, फ्यूज, वायरींचे जोड आणि पॉइंटवरील काजळी तपासावी; तो सतत डिस्चार्जकडेच राहत असेल, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठे तरी शॉर्ट आहे असे समजावे. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून पुसावेत आणि पूर्ण उघडल्यावर त्यांतील अंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावे.

त्यानंतर प्लग काढून, टोपीत बसवून, त्याचे धातूचे अंग हेडला टेकवून किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून दूर ठेवावी आणि हे काम मोकळ्या हवेत करावे. ठिणगी चांगली असूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोहोचत नाही. अशा वेळी फ्लोट चेंबरमधील (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतील) पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहावे. गाडी बराच काळ उभी असेल तर तळाशी पाणी साचलेले दिसते, आणि इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलमुळे ही शक्यता वाढली आहे.

थंड असताना उत्तम चालणारी गाडी काही किलोमीटरनंतर बंद पडत असेल, तर निदान अधिक बारकाईने करावे लागते. बंद पडताच पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. त्यानंतर थोड्याच वेळात गाडी सुरू होऊन नीट चालली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. तसे नसेल आणि इंजिन थंड झाल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवर उडणाऱ्या ठिणग्या रोखणारा भाग) किंवा कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारी गुंडाळी) यांच्यावर संशय घ्यावा. कंडेन्सर स्वस्त असल्याने आधी तोच बदलावा. पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडून खड्डे पडत असतील, तर हा संशय पक्का होतो.

कॉम्प्रेशन पाहण्यासाठी डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधील दाब सोडणारा खटका) न दाबता किकवर हळूहळू भार द्यावा. किक जवळजवळ विरोध न करता खाली गेली, तर प्रथम टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची जुळणी) पाहावेत: इंजिन थंड आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना पुशरॉड (व्हॉल्व्हला ढकलणारी दांडी) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तो घट्ट असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट ठीक असतील, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा किक दाबावी. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीने सुरू होताच निळा धूर सोडला, म्हणून लगेच इंजिन खोलू नये. ऑइलच्या टाकीतील ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेले असते आणि काही मिनिटांत ते परत टाकीत जाते. म्हणूनच ऑइलची पातळी इंजिन थोडे चालवल्यानंतरच मोजावी. धूर त्यानंतरही थांबला नाही, तर मात्र हेड आणि सिलिंडर उतरवून रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) व व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.