घरच्या वॉटरजेटचं पहिलं वर्ष: गार्नेट येतं कुठून आणि जातं कुठे

डेस्कटॉप वॉटरजेट, म्हणजे उच्च दाबाच्या पाण्याच्या धारेत गार्नेट या कठीण खनिजाचे वाळूसारखे कण मिसळून धातू, काच, फरशी कापणारं टेबलावरचं यंत्र, घ्यायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न पडतो तो ‘किती जाड कापतं?’ मीही तोच विचारला होता. उत्तर छान मिळालं, मी खूश झाले आणि यंत्र घरी आणलं. विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळेच होते. एका तुकड्याला किती मिनिटं लागतील, त्या मिनिटांत किती किलो गार्नेट जाईल आणि ते सगळं गार्नेट ओलं होऊन बाहेर आलं की ठेवायचं कुठे? हे लिहायला बसले आहे ते मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नासाठी.

लेझर, राउटर, थ्रीडी प्रिंटर यांपैकी काहीतरी तुम्ही हाताळलेलं असेल, म्हणून फाईल कशी बनवायची वगैरे सांगत नाही. पण दाबाचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. 2016 साली वेझर कंपनीने किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या संकेतस्थळावर) टेबलावर मावणारं यंत्र आणलं, तेव्हा घरच्या वर्कशॉपमध्ये वॉटरजेट असू शकतं हे अनेकांना पहिल्यांदा पटलं. 2018 मध्ये ओमॅक्स कंपनीचं प्रोटोमॅक्स हे यंत्र आलं. ते 30,000 पीएसआयवर (म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाबावर) चालतं, पण किमतीनेही वरच्या वर्गात बसतं. कारखान्यातली यंत्रं 60,000 किंवा त्याहून जास्त पीएसआयवर चालतात. स्वस्त यंत्रांचा दाब काही हजार पीएसआय एवढाच. धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि कणाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे शेवटी ऊर्जा सरळ दाबाच्याच प्रमाणात येते. तुमचं यंत्र 5,000 पीएसआयचं असेल तर गार्नेटचा प्रत्येक कण कारखान्यातल्या कणाच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा घाव घालतो. कापतो तो कणच, पाणी त्याला फक्त वाहून नेतं. घाव हलका म्हणजे घाव जास्त, म्हणजे वेळ जास्त. आणि या सगळ्या वेळात गार्नेट सांडतच असतं.

माझं पहिलं खरं काम होतं 6 मिमी ॲल्युमिनियमचे बारा ब्रॅकेट. प्रत्येक 150 बाय 100 मिमी, चार कोपऱ्यांत 10 मिमीची भोकं. बाहेरची कड 500 मिमी, भोकांचा परीघ मिळून सव्वाशे मिमी. माझ्या यंत्रावर वेग मिनिटाला 25 मिमीच्या आसपास मिळत होता, म्हणजे एका ब्रॅकेटला 25 मिनिटं. गार्नेट मिनिटाला 150 ग्रॅम. बारा ब्रॅकेट म्हणजे पाच तास आणि 45 किलो. हे गणित मी आज लिहितेय, तेव्हा केलं नव्हतं. तेव्हा मी फक्त एक पोतं आणून ठेवलं होतं, आणि 25 किलोचं पोतं पावणेतीन तासांत संपतं हे मला सातव्या ब्रॅकेटवर कळलं.

पोतं संपलं तर दुसरं आणता येतं. अडचण टाकीतल्या गाळाची होती. जेवढं गार्नेट आत गेलं तेवढंच्या तेवढं तळाशी बसलं होतं, वर पाणी धरून अजून जड झालेलं. गार्नेटची घनता पाण्याच्या चौपट, त्यामुळे ते झटकन बसतं आणि बसलं की असं घट्ट होतं की खुरप्याने खणावं लागतं. मी पहिली बादली भरली आणि उचलायला गेले, तर ती हलेना. अर्ध्या-अर्ध्या बादल्या करून संध्याकाळ गेली. वरचं गढूळ पाणी मी मोरीत ओतलं. दोन आठवड्यांनी मोरी तुंबली आणि पाइप उघडला तेव्हा वाकणात गाळाचा दगड झाला होता. कृपा करून हे करू नका. एकदाही नाही, थोडंसंही नाही.

आणि मग मी या सगळ्यातली सर्वांत महागाची चूक केली. एवढा गाळ पाहून वाटलं, वाळवून चाळला तर पुन्हा वापरता येईल. पसरून वाळवला, चहाच्या गाळणीहून बारीक जाळीतून काढला, हॉपरमध्ये (यंत्राला गार्नेट पुरवणाऱ्या डब्यात) भरला. वीस मिनिटं चाललंसुद्धा. मग धारेचा आवाज बदलला. खरखरीत आवाज जाऊन नुसती शिट्टी उरली. मी शेजारच्या टेबलावर कानस घासत होते, लक्षच दिलं नाही. यंत्र निमूटपणे पुढचा सगळा मार्ग फिरून आलं, आणि पत्र्यावर कापाच्या जागी फक्त एक चकचकीत ओरखडा होता.

झालं काय ते नीट सांगते, कारण हा फास कुणालाही लागू शकतो. 80 मेशचं (इंचाला 80 भोकांच्या चाळणीच्या मापाचं) नवं गार्नेट म्हणजे साधारण एकाच मापाचे कण. एकदा आदळलं की त्यातले बरेच फुटतात आणि भुकटी होते. भुकटी ओलावा धरते आणि हॉपरच्या तोंडाशी कमान करून बसते. मिक्सिंग ट्यूबमध्ये, म्हणजे पाणी आणि गार्नेट मिसळून जिथून बाहेर पडतं त्या नळीत, एखादा धातूचा कीस अडकला तर धारेला पुढे वाट मिळत नाही, पाणी उलट गार्नेटच्या नळीत शिरतं आणि नळीतलं कोरडं गार्नेट चिखल होतं. म्हणजे नोझल साफ करून भागत नाही. नोझल, मिक्सिंग ट्यूब, नळी, हॉपरचं तोंड, सगळं सोडवायचं, धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. मी घाईत नळी ओलसर असतानाच जोडली आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच झालं. तीन दिवस गेले. वाचवलेल्या गार्नेटच्या कितीतरी पट किमतीची मिक्सिंग ट्यूब बदलावी लागली. कारखान्यांत गार्नेट पुन्हा वापरतात, पण धुणं, वाळवणं, प्रतवारी करणं यांसाठी त्यांच्याकडे वेगळी यंत्रणा असते. घरची जाळी त्या जागी चालत नाही.

याच काळात मोठ्या वॉटरजेटवर आयुष्य घालवलेल्या एका काकांशी बोलणं झालं. मी उत्साहाने सांगत होते, किती काम केलं, किती पोती आणली. ते म्हणाले, “अगं, पोती किती आणलीस ते नको सांगू. गाळ किती बाहेर नेलास ते सांग.” माझं स्पष्ट मत आहे की शिकायचं तर टाकी स्वतः उपसणाऱ्या माणसाकडून शिका. दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात नाणं कापून दाखवणाऱ्याला गाळाचा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

आता माझी पद्धत अशी: झाकणाच्या दोन टाक्या, गाळ एकीत रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी कापडी फिल्टरमधून दुसरीत. एका वेळी दहा किलोच्या वर उचलायचं नाही. गार्नेट स्वतः निरुपद्रवी खनिज आहे, पण कापलेल्या धातूचा कीस त्यात असतो. शिसं असलेलं पितळ कापलं तर तो गाळ वेगळा ठेवा आणि धातूच्या कचऱ्याच्या रीतीनेच त्याची विल्हेवाट लावा. सुकलेला गाळ झाडू नका, धूळ छातीत जाते. ओला करूनच भरा.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. हे यंत्र जे देतं ते दुसरं कुठलंच घरचं यंत्र देत नाही. कडेला उष्णता लागत नाही, त्यामुळे कडक केलेलं पोलादही नरम पडत नाही. सकाळी फरशी, दुपारी काच, संध्याकाळी स्टील, आणि मध्ये हत्यार बदलायचं नाही. पहिल्यांदा काचेत गोल वळण स्वच्छ निघालं तेव्हा मी तो तुकडा रात्री उशाशी ठेवला होता. टफन केलेली काच मात्र कापता येत नाही, धार लागताच पूर्ण चुरा होतो.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. कापाची फट वर रुंद, खाली अरुंद येते. वेग कमी केला की फरक कमी होतो. नेमक्या मापाची भोकं लहान कापून घ्या आणि ड्रिलने पुरी करा. थरांचं मटेरियल मधूनच भेदायला गेलात तर थर सुटतात, आधी भोक पाडून तिथून सुरुवात करा. सुटा झालेला तुकडा तिरका उभा राहून नोझलला धडकतो, म्हणून टॅब, म्हणजे तुकडा पत्र्याला धरून ठेवणारे न कापलेले छोटे पूल, ठेवाच. साधं पोलाद काढल्या काढल्या पुसून तेल लावा, काही तासांत गंज धरतो.

प्रेशर वॉशरला वाळूची नळी जोडून स्वतःचं वॉटरजेट बनवायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. मला हा आडमार्ग अजिबात मान्य नाही. झाकण आणि दार उघडताच यंत्र बंद करणारा स्विच हे यंत्राचे सर्वांत महत्त्वाचे भाग आहेत. उच्च दाबाची धार कातडीतून आत शिरली तर बाहेर फक्त टाचणीएवढं छिद्र दिसतं, दुखतही फारसं नाही, आणि आत पाणी, कण, जंतू खोलवर पसरलेले असतात. अशा वेळी पट्टी बांधून घरी बसायचं नाही. लगेच रुग्णालय गाठा आणि ‘उच्च दाबाच्या पाण्याची इजा’ हे शब्द सांगा, कारण जखम पाहून डॉक्टरांनाही ती किरकोळ वाटू शकते.

पहिल्या आठवड्यात काम घेऊ नका. तुमच्याकडचा पत्रा घ्या, 50 मिमीचा चौकोन तीन वेगांनी कापा. प्रत्येक वेळी हॉपर आधी आणि नंतर वजन करा, घड्याळ लावा, चौकोनाची वरची आणि खालची बाजू कॅलिपरने मोजा. हे तीन आकडे यंत्राच्या झाकणावर चिकटवा. माझ्या झाकणावरचा कागद आता भिजून पिवळा झाला आहे, पण कुणी काम घेऊन आलं की भाव सांगायच्या आधी मी अजूनही त्याच्याकडे बघते.