वादी रममध्ये उंटावरून चार दिवस : या चुका टाळा

'उंटावरून शेळ्या हाकणे' हा वाक्प्रचार ज्याने कुणी काढला, तो स्वतः उंटावर बसला नसावा. उंटावर बसल्यावर शेळ्या राहू द्या, स्वतःची मानसुद्धा धड हाकता येत नाही. पण ट्रेक ठरवताना आपण नेमक्या शेळ्याच हाकत असतो. आम्ही सहा जणांनी पुण्यात बसून जॉर्डनच्या वादी रम या वाळवंटी दरीतल्या चार दिवसांचा आराखडा केला होता. कुठल्या दिवशी कुठली खडकाची कमान, किती किलोमीटर, सूर्यास्त कुठून पाहायचा, सगळं रकान्यांत. पहिल्या सकाळी तो कागद आमच्या म्हाताऱ्या बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) वाटाड्याच्या हातात दिला. त्याने शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी चहासाठी काटक्या पेटेनात, तेव्हा तो कागद कामाला आला.

आमच्या बहुतेक चुका त्या कागदाच्याच जातीच्या होत्या.

किलोमीटर मोजत बसणं

ओझं आणि माणूस घेऊन चालणारा उंट तासाला चार-पाच किलोमीटर जातो. दुपारच्या उन्हात दोन-तीन तास थांबायचं, वाटेत झुडपं दिसली की उंट चरायला रेंगाळणार. म्हणजे दिवसाला वीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. रमचं संरक्षित क्षेत्र साधारण ७४० चौरस किलोमीटरचं आहे आणि जीपमध्ये बसलेले पर्यटक त्यातली नावाजलेली ठिकाणं एका दिवसात 'करून' टाकतात. खझालीची घळ, उम्म फ्रूथची कमान, बुर्दाची कमान, शिवाय सौदी सीमेजवळचा १८५४ मीटर उंचीचा उम्म अद्-दामी, हे सगळं उंटावरून चार दिवसांत बसवू नका. यातली दोन-तीन ठिकाणं निवडा आणि बाकीचं वाटाड्यावर सोडा. सावली कुठल्या कड्याला किती वाजता येते हे त्याला ठाऊक असतं, नकाशाला नाही.

'अजून किती?' हेही विचारू नका. उत्तर एकच येतं, 'करीब'. अरबीतही त्याचा अर्थ जवळ असाच आहे. फक्त ते जवळ कधी दहा मिनिटांचं असतं, कधी दीड तासाचं.

जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर अर्धा तास उंटावर बसून फोटो काढलाय म्हणून आत्मविश्वास बाळगणाऱ्यांना एक सूचना : तो अर्धा तास इथल्या पहिल्या दिवसाच्या नाश्त्याआधीच संपतो.

बसणं, उठणं आणि मधलं सगळं

सगळ्यात जास्त दुखापती उंट चालताना नाही, उठताना-बसताना होतात. उठताना तो आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे तुम्ही पुढे फेकले जाता. मग पुढचे पाय, आणि तुम्ही मागे. बसताना उलट, आधी पुढचे गुडघे टेकतो आणि समोर जमीन वर आल्यासारखी वाटते. म्हणून वाटाड्याने 'इख्ख, इख्ख' असा घशातून आवाज काढला की समजा उंट बसणार. दोन्ही हातांनी खोगिराचे पुढचे-मागचे खुंट धरायचे आणि अंग मागे टाकायचं. आमच्यातल्या एकाच्या हातात त्या क्षणी फोन होता. पुढचा खुंट थेट कपाळावर बसला आणि ते टेंगूळ पुढच्या तीन दिवसांच्या प्रत्येक फोटोत आहे.

या लाकडी खोगिराला तिथे 'शदाद' म्हणतात. खाली घोंगड्या, वर मेंढीचं कातडं आणि दोन्ही बाजूंना गोंड्यांच्या विणलेल्या पिशव्या. या पिशवीचं नाव ऐकून मी चमकलो : 'खुर्ज'. पेशवाईतल्या कागदांतली आपली खुर्जी ती हीच. सांडणीस्वार पत्रं घेऊन दौडत जायचे, त्यांच्याबद्दलचा माझा आदर या प्रवासात फार वाढला.

शदादला रिकिबी नसतात. पाय नुसते लोंबकळत ठेवले की अर्ध्या तासात मुंग्या येतात. यावर बेदुइनांचा साधा उपाय : एक पाय पुढच्या खुंटाभोवती वळवून घ्या, त्यावर दुसऱ्या पावलाचा अडसर ठेवा, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पाय बदला. पाठ ताठ धरू नका. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, त्यामुळे होडीसारखा हेलकावा बसतो आणि कमरेतून सैल राहिलं तरच तो अंगात जिरतो. ज्यांना वरंधा घाटात गाडी लागते, त्यांना उंटही लागतो. उलटीची गोळी न्यावी, त्यात लाज नाही.

आता नाजूक विषय. जीन्स घालून जाऊ नका. जाडजूड शिवणी दुपारपर्यंत जांघा सोलवटून काढतात. आत सायकलवाले घालतात तशी तंग, बिनशिवणीची चड्डी आणि वर ढगळ सुती विजार, हे उत्तम. निघण्याआधीच पेट्रोलियम जेली लावा, नंतर नाही. सोलवटलंच तर रात्री स्वच्छ पुसून, कोरडं करून कैलास जीवन लावा आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ चाला. चालण्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही, बेदुइन स्वतः सकाळचा पहिला तास आणि उतरणीवर बहुतेक वेळ उंटाची दोरी धरून चालतच असतात. पैसे दिलेत म्हणून आठ तास वर बसून राहणारा माणूस तिसऱ्या दिवशी आडवा झोपून चहा पितो.

तहान लागेपर्यंत थांबणं

ही चूक माझी. उघड्यावर जावं लागेल म्हणून मी पाणी बेतानेच पीत होतो. आमच्यातल्या दोघीजणीही तेच करत होत्या, पण कुणी कुणाला सांगितलं नाही. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येत नाही असं वाटत राहतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं ठणकायला लागलं आणि लघवी चहाच्या रंगाची झाली. माणशी दिवसाला चार ते पाच लिटर पाणी धरा, ते घोट-घोट प्या आणि त्यातलं एखादं लिटर ओआरएसचं असू द्या. डोकं दुखायला लागलं की आधी सावली, मग पाणी आणि मीठ-साखर, गोळी त्यानंतर. पण कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या देऊ लागलं, तर तोंडात पाणी ओतू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत निजवा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि जीप मागवा. फोनला रेंज कुठे मिळते आणि जीप यायला किती वेळ लागेल, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं. मोठी रुग्णालयं अकाबात आहेत, रम गावापासून गाडीने साधारण तासभर.

दरीचा तळच समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे दिवसभर पोळून निघालेली माणसं रात्री कुडकुडतात. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याजवळ जातो. कानटोपी न्याच. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे.

'व्हेज' एवढंच सांगणं

तळांवर 'झर्ब' नावाचा प्रकार असतो : जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, त्यावर मजल्यामजल्यांची जाळी, कोंबडी, मेंढीचं मांस आणि भाज्या एकत्र ठेवून वर घोंगडी आणि वाळू. भाज्या वेगळ्या ताटलीत आल्या तरी त्यांवर चरबी ठिबकलेली असते. 'मी भाज्या खातो' आणि 'मी मांसाला लागलेलं काहीच खात नाही' या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ठरवतानाच नीट फोड करून सांगा. त्यांना राग येत नाही.

खरं तर वाटेवरचं जेवण आपल्याला जास्त मानवतं. लसूण घालून तेलात शिजवलेले टोमॅटो, त्याला 'गलायेत बंदोरा' म्हणतात, आणि सोबत 'अरबूद'. आमचा म्हातारा नुसतं पीठ, मीठ, पाणी मळायचा, भाकरीएवढा पण बोटभर जाड गोळा थापायचा, निखारे बाजूला सारून तापलेल्या राखेत पुरायचा. मध्ये एकदा उलटवायचा. बाहेर काढून काठीने असा बडवायचा की राख उडून जायची. वऱ्हाडातला रोडगा खाल्लेल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही. मी पिशवीतून मेतकूट काढून टोमॅटोवर भुरभुरलं, म्हाताऱ्याने वास घेतला आणि डबा स्वतःकडे ओढला.

पाहुणचारातले गोंधळ

कडू कॉफीचा छोटा पेला उजव्या हातानेच घ्यायचा. रिकामा पेला नुसता परत केला की पुन्हा भरून येतो. नको असेल तर पेला बोटांत धरून किंचित हलवायचा. हे माहीत नसल्यामुळे आमच्या एका मित्राने संकोचाने सात पेले रिचवले आणि रात्रभर तारे मोजले.

तंबूत बायका असतील तर फोटो विचारूनही काढू नका. खांदे-गुडघे झाकलेले कपडे पुरुषांनीही घालावेत, उन्हासाठीसुद्धा तेच बरे. डोक्याला तांबडा-पांढरा रुमाल, म्हणजे शेमाग, बांधायला वाटाड्याकडूनच शिका. रमझानमध्ये गेलात तर तो दिवसभर पाणीही पीत नसतो, हे लक्षात ठेवून चाल आणि अपेक्षा दोन्ही कमी करा. बक्षिसी थेट त्याच्या हातात, दिनारच्या सुट्या नोटांत द्या. पैसे अकाबातूनच काढून न्यावेत.

उंटाकडे न बघणं

व्यवहार ठरण्याआधी खोगीर काढायला सांगा आणि पाठ बघा. उघड्या जखमा असतील तर दुसरा उंट मागा किंवा दुसरा माणूस शोधा. इथे साधारण डोक्याला म्होरकी बांधलेली असते, आणि दोर सतत ओढत राहणारा स्वार उंटाला अजिबात आवडत नाही. हिवाळा हा नरांच्या माजाचा काळ. तोंडातून फेस येतोय, गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर लटकतंय आणि गुरगुर चाललीय, असा नर 'किती गंमतशीर' म्हणून जवळून पाहायचा नसतो, तो चावतो. आणि प्लॅस्टिक खाली टाकू नका. दुबईकडच्या वाळवंटात मेलेल्या उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे मोठमोठे गोळे सापडले आहेत.

वाटाड्या 'नाही' म्हणाल्यावर वाद घालणं

तिसऱ्या संध्याकाळी आम्हाला एक मऊ वाळूची, दोन्हीकडून कडे असलेली सुरेख जागा सापडली. वाऱ्यापासून आडोसा, तंबूला सपाट. म्हातारा म्हणाला, इथे नाही. दूर पश्चिमेला थोडे ढग होते, बस्स. आम्ही कुरकुर केली, त्याने उंट पुढे काढले आणि खडकाच्या उंचवट्यावर, बोचऱ्या वाऱ्यात मुक्काम टाकला. पाऊस आला नाही. तरी त्याचंच बरोबर होतं. ती मऊ वाळू तिथे पाण्यानेच आणून टाकलेली असते, आणि उघड्या खडकावर पडलेला पाऊस मुरत नाही, दूरच्या डोंगरावरचा लोंढा कोरड्या घळीत येतो. २०१८च्या ऑक्टोबरात मृत समुद्राजवळ अशाच लोंढ्यात शाळकरी मुलांसह वीसहून जास्त माणसं गेली. नोव्हेंबरात पुन्हा पूर आले, पेट्रातून पर्यटकांना हलवावं लागलं.

रमच्या खडकांवर सुमारे २५ हजार चित्रं आणि २० हजार कोरीव लेख आहेत, २०११ पासून हा जागतिक वारसा आहे. आपल्या किल्ल्यांवर बदाम कोरणारी जमात इथेही पोचलेली दिसते. खझालीच्या घळीत भिंतीला हात लावून सरकू नका, घामाने रेषा झिजतात. शौचाला वाटेपासून आणि घळीपासून लांब जा, वीतभर खड्डा करा, कागद पिशवीत भरून परत आणा. सकाळी बूट उलटे करून झटका, विंचू असतात.

आणि परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका. रम ते अम्मान गाडीने चार तास, त्यात शेवटच्या दिवशी वाटाड्याच्या घरी चहा होणारच. आम्ही काढलं होतं. विमानतळावर सुरक्षा तपासणीत बूट काढायला सांगितले तेव्हा सहापैकी चौघांना वाकता येत नव्हतं.