टेक्स्टच्या ढिगातून ईमेल अ‍ॅड्रेस कसे उपसायचे (रेजेक्स वापरून)

ढीगभर टेक्स्ट पडलंय आणि त्यातले फक्त ईमेल हवेत, तर हाताने कॉपी-पेस्ट करत बसू नका, रेजेक्सची (म्हणजे टेक्स्टमध्ये काय शोधायचं त्याचा चिन्हांत लिहिलेला नमुना, पॅटर्न) एक ओळ पुरते. नेटवरच्या बहुतेक पॅटर्नमध्ये अ‍ॅड्रेसमध्ये काय काय चालतं त्याची यादी असते, ए टू झेड, आकडे, डॉट वगैरे. मी उलटं करतो, काय चालत नाही तेवढंच सांगतो.

आधी एवढंच लिहा:

[^ @]+@[^ @]+

चौकोनी कंसात सुरुवातीला ^ म्हणजे "हे सोडून काहीही", इथे स्पेस आणि @ सोडून, आणि + म्हणजे एक किंवा जास्त. आता हे वाक्य घ्या:

मेल:<संपर्क@उदाहरण.परीक्षा>, नाहीतर मदत@उदाहरण.परीक्षा.

पहिल्या अ‍ॅड्रेसला "मेल:<" आणि शेवटचा कंस, कॉमा सगळं चिकटून येतं, दुसऱ्याला पूर्णविराम. मग ही चिन्हंपण नकोच्या यादीत टाकायची, डोमेनमध्ये एक डॉट सक्तीचा करायचा (नुसता डॉट म्हणजे कुठलंही अक्षर, म्हणून आधी बॅकस्लॅश) आणि शेवटच्या तुकड्यात डॉटलाच बंदी, म्हणजे पूर्णविराम आपोआप गळतो:

[^ @,;:<>()"]+@[^ @,;:<>()"]+\.[^ @.,;:<>()"]+

ए टू झेडवाल्या पॅटर्नला वरचे देवनागरी अ‍ॅड्रेस सापडलेच नसते. बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w, म्हणजे कुठलंही अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर) वापरला तरी पायथनचं नेहमीचं रेजेक्स मॉड्यूल काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे अ‍ॅड्रेस मधेच तुटतो, यात मी एकदा अख्खी दुपार घालवलीये.

चालवायला ग्रेप (grep, टर्मिनलमधली शोधायची कमांड) बेस्ट. मायनस कॅपिटल ई (-E) दिलं की + नीट चालतो, मायनस ओ (-o) दिलं की पूर्ण ओळ न येता फक्त सापडलेला भाग येतो, आणि पॅटर्न सिंगल कोट्समध्ये ठेवा कारण आत डबल कोट आहे. ग्रेप एकेक ओळ बघतो म्हणून बरं, काही एडिटरमध्ये हाच पॅटर्न लावलात तर नवी ओळसुद्धा "काहीही"मध्ये धरली जाते आणि खालीवर लिहिलेले शब्द एकमेकांना चिकटतात, तिथे ती पण यादीत टाका. टॅबचं तेच, ग्रेपमध्येसुद्धा.

नंतर सॉर्ट (sort) कमांडला मायनस यू (-u) देऊन डुप्लिकेट उडवा.

हा पॅटर्न अ‍ॅड्रेस खरा आहे का ते तपासत नाही हां, "मीटिंग@10.30" पण उचलून आणतो. असले दोनचार यादीतून हाताने काढतो मी, त्यासाठी पॅटर्न अजून लांबवत नाही.