इंग्रजी आडनावाचे मूळ आणि कुलचिन्ह कसे शोधावे: वॉशिंग्टन घराण्याच्या उदाहरणासह

‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवून विकले जाणारे ढालीचे चित्र आधी बाजूला ठेवा. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या औरस वंशजांकडे पुरुषपरंपरेने जाते. स्मिथ आडनावाच्या वेगवेगळ्या घराण्यांची चिन्हे वेगवेगळी आहेत, आणि बहुतेक स्मिथांना चिन्हच नाही. म्हणून आडनावाचा अर्थ, वंशावळ आणि कुलचिन्ह हे तीन निराळे शोध समजा. वंशावळ हा मधला दुवा. तो नसेल तर अर्थ आणि चिन्ह एकमेकांना जोडता येत नाहीत.

पुढे सगळीकडे वॉशिंग्टन हेच उदाहरण घेतले आहे. या घराण्याचा माग ११८३ पर्यंत लागतो, आणि तो काढताना झालेली मोठी चूकही कागदोपत्री आहे.

आडनावाचा अर्थ

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार तऱ्हांची: गावावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. शेवटी टन, हॅम, बी, ली असे काही असेल तर आधी गाव शोधा. आपल्याकडे पाटणचा पाटणकर होतो. इंग्रजीत ‘कर’सारखा प्रत्यय लागत नाही, गावाचे नावच आडनाव होते. जुन्या कागदांत मधे ‘डी’ असतो, म्हणजे ‘अमक्या गावचा’, आणि तो पुढे गळून पडतो.

आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावू नका. वॉशिंग्टनचा धुण्याशी काही संबंध नाही. हे नाव जुन्या कागदांत वेसिंग्टन असेही सापडते, आणि त्याचा अर्थ वासा नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती. ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले ‘तून’, शेतवाडी. त्यामुळे मिळतील तेवढी जुनी रूपे सालासह एका कागदावर उतरवून घ्या आणि पुढचा प्रत्येक शोध त्या सगळ्या रूपांनी घ्या.

दुसरा खड्डा एकाच नावाच्या गावांचा. वॉशिंग्टन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरहॅममध्ये आहे आणि दक्षिणेकडच्या ससेक्समध्येही. कोणते आपले, हे नकाशा पाहून ठरत नाही. १८८१ च्या जनगणनेत ते आडनाव कोणत्या परगण्यात दाटीने आहे ते पाहा आणि मग त्या भागातले मध्ययुगीन कागद धरा. डरहॅमच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. तिथल्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची पाहणी करून घेतली, तिचे नाव बोल्डन बुक. विल्यम ऑफ हर्टबर्न याने हर्टबर्न देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतले, अशी नोंद तीत आहे. गाव बदलले आणि घराण्याचे नावही बदलले! त्या काळी आडनाव अजून पक्के झालेले नव्हते. बाराव्या-तेराव्या शतकात बाप आणि मुलगा वेगळ्या नावांनी दिसले तर गोंधळू नका. आडनाव सारखे नाही एवढ्यावरून नाते नाकारू नका, आणि सारखे आहे एवढ्यावरून मान्यही करू नका.

वंशावळ: आजपासून मागे

कुणा प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरू नका. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक पायरीला निदान एक कागद हवाच, असे ठरवून टाका.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी आहे. विवाहाचा दाखला सर्वांत उपयोगी, कारण त्यात वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे व धंदे असतात. त्याच्या जोडीला जनगणना. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि घरातली नाती दिलेली नाहीत. त्या वयावरून जन्मसाल ठरवले तर चार वर्षांची चूक सहज होते. १८५१ पासून नाते आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा गावभाग) दोन्ही मिळतात, आणि तो पॅरिशच पुढचा रस्ता दाखवतो. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. तिथे १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीवर भागवावे लागते.

१८३७ च्या मागे चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण पुष्कळ ठिकाणच्या सुरुवातीच्या वह्या टिकल्या नाहीत. वही हरवली असेल तर बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला मागा. १५९८ पासून त्या पाठवायच्या होत्या. १६४० ते १६६० या यादवीच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत नोंदी विस्कळीत आहेत. तारखांचे भानही ठेवा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १६५५ म्हणजे आपल्या हिशेबाने १६५६. अशी तारीख १६५५/६ अशी लिहा, नाहीतर आईच्या मृत्यूनंतर मूल जन्मल्याचे चमत्कारिक निष्कर्ष निघतात.

सर्वांत मोलाची कागदपत्रे म्हणजे मृत्युपत्रे. कँटरबरीच्या धर्मन्यायालयात सिद्ध झालेली १३८४ ते १८५८ पर्यंतची मृत्युपत्रे लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत जावई, नातवंडे, सावत्र मुले, धर्मपुत्र असे सगळे नावानिशी येतात.

त्यांची ताकद वॉशिंग्टनच्या प्रकरणात दिसते. इंग्लंडमध्ये कुलचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी १७९१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनना वंशावळीबद्दल पत्र लिहिले. जॉर्ज यांच्या घराण्यातले अमेरिकेत व्हर्जिनियात गेलेले दोन भाऊ जॉन आणि लॉरेन्स. इंग्लंडमधल्या सलग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टन घराण्यातही त्याच काळचे जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ सापडले, म्हणून हर्ड यांनी जोड लावून दिली. १८६६ मध्ये जोसेफ चेस्टर यांनी ती मोडली: इंग्लंडमधला जॉन ‘सर’ होता आणि लॉरेन्स पाद्री, तर व्हर्जिनियातले दोघे यांपैकी काहीच नव्हते. खरे नाते १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी दाखवले. ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंगचे मृत्युपत्र आणि अँफिलिस वॉशिंग्टन या पाद्री लॉरेन्सच्या विधवेच्या मालमत्तेचा १६५५/६ मध्ये मुलगा जॉन याला मिळालेला ताबा, या दोन कागदांवरून कळले की व्हर्जिनियातले भाऊ त्या पाद्री लॉरेन्सचेच मुलगे. म्हणजे हर्ड यांचे घराणे बरोबर होते, पिढी चुकली होती. दोन भावांची नावे जुळतात एवढ्यावर कधीही थांबू नका. वय, धंदा, पदवी, राहण्याची जागा आणि मृत्यूची तारीख या पाचही कसोट्या लावा.

ढाल वाचणे

चिन्हाचे चित्र गौण, शब्दांतले वर्णन मुख्य. वर्णन तेच ठेवून दोन चित्रकार वेगळी ढाल काढू शकतात. वॉशिंग्टनचे वर्णन असे: ‘आर्जंट, टू बार्स ग्यूल्स, इन चीफ थ्री मलेट्स ऑफ द सेकंड’. आर्जंट म्हणजे चांदी किंवा पांढरा, तो ढालीच्या पार्श्वभूमीचा रंग. त्यावर दोन लाल आडवे पट्टे. वरच्या भागात तीन पाचटोकी चांदण्या, ‘दुसऱ्या’ रंगाच्या, म्हणजे वर्णनात दुसरा आलेला लाल. बाकीचे रंग: ऑर सोनेरी, अझ्युअर निळा, सेबल काळा, व्हर्ट हिरवा. उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची मोजतात. आपल्याला डावीकडे दिसते ती त्याची उजवी.

कोरीव दगडावर किंवा पुस्तकातल्या छापावर रंग नसेल तर रेघा पाहा. ठिपके सोनेरी, कोरी जागा चांदी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्या जाळीच्या काळ्या. ही रीत सतराव्या शतकातली आहे, त्याआधीच्या कोरीवकामावर ती लावू नका.

चांदणी फसवी आहे. एकटी, लहान आणि वरच्या बाजूला असेल तर ती तिसऱ्या मुलाची खूण असू शकते. थोरल्याला लेबल (खाली टोके लोंबणारी आडवी पट्टी) आणि दुसऱ्याला चंद्रकोर. वॉशिंग्टनच्या तीन चांदण्या मात्र चिन्हाचाच भाग आहेत. सलग्रेव्हची जहागीर याच घराण्यातल्या आधीच्या एका लॉरेन्स वॉशिंग्टनने १५३९ मध्ये घेतली, आणि तिथल्या वाड्याच्या दारावर हे चिन्ह कोरलेले आहे. लँकेशायरमधल्या वॉर्टनच्या चर्चमध्येही ते आहे. १९३८ मध्ये अमेरिकेच्या राजधानीने, वॉशिंग्टन शहराने, स्वीकारलेला झेंडा याच ढालीवरून केला आहे.

चिन्ह माहीत आहे पण घराणे माहीत नाही, अशा वेळी पॅपवर्थचा कोश उघडा; तो वर्णनाच्या क्रमाने लावलेला आहे. उलट, नावावरून शोधायला बर्कचा कोश आहे, पण त्यात अधिकृत मंजुरी नसलेली चिन्हेही शिरली आहेत. म्हणून बर्कमध्ये सापडले ते फक्त सुगावा समजा. १५३० ते १६८८ या काळात राजाचे हेराल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, परगणोपरगणी फिरून कोणाला चिन्हाचा हक्क आहे ते तपासत. त्या पाहण्यांच्या छापील प्रती हार्लियन सोसायटीने काढल्या आहेत. त्यांत वंशावळही मिळते, मात्र ती घरच्यांनी सांगितलेली असते. शेवटच्या तीन-चार पिढ्या विश्वासार्ह, त्यामागच्या पडताळून घ्याव्यात.

आडनाव म्हणजे रक्ताचे नाते नव्हे, हे विसरू नका. अमेरिकेत २००० च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे ९० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामीतून सुटलेल्या अनेकांनी हे नाव स्वतः घेतले. त्यांच्या नावाचा इतिहास तितकाच अभिमानाचा आहे, पण तो सलग्रेव्हच्या ढालीकडून जात नाही.

मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी आडनावाच्या कुटुंबांना इंग्लंडच्या आधी एक थांबा घ्यावा लागतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. इथे इंग्लंडमधला पॅरिश सहसा मिळत नाही; तो सैन्यभरतीच्या किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीच्या कागदांत पाहावा.

चिन्हाच्या हक्काचा शेवटचा निर्णय लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचा, ज्याला पहिली सनद १४८४ मध्ये मिळाली. स्कॉटिश घराणे असेल तर एडिंबराच्या लॉर्ड लायनच्या न्यायालयाकडे जा; तिथले नियम वेगळे आहेत. कॉलेजचे दप्तर कुणालाही उघडून पाहता येत नाही. शोध तिथले अधिकारी शुल्क घेऊन करतात, म्हणून पत्रात आधी शुल्क विचारा. सोबत पुरुषपरंपरेची वंशावळ पिढीवार तारखांसह, प्रत्येक पिढीच्या कागदाची प्रत, सर्वांत जुन्या पूर्वजाचा पॅरिश, आणि चिन्ह कुठे पाहिले त्याचे छायाचित्र जोडा. शेवटची सिद्ध पिढी कोणती आणि अंदाजाची कोणती, हे वेगळ्या शाईत दाखवा.