काल्पनिक नकाशातल्या गावांना स्वतःची लिपी कशी द्यावी

लिपी करायला बसलं की पहिला मोह होतो तो देखणी अक्षरं काढत सुटण्याचा. तो आवरा आणि आधी नावांची यादी करा. पुस्तकातली अक्षरं पानावर सरळ ओळीत बसतात. नकाशावरची अक्षरं नदीच्या वळणाने वाकतात, राज्याच्या रुंदीभर ताणली जातात, डोंगरांच्या खुणांमधून वाट काढतात आणि खेड्याच्या नावाला उंची मिळते जेमतेम अडीच मिलिमीटर. हे सगळं सोसणारी लिपी हवी.

यादी

नकाशावरची सगळी नावं, समजा ४० ते ६०, लिहून काढा आणि कोणता ध्वनी किती वेळा येतो ते मोजा. एका प्रदेशाच्या नावांना साधारण १५ ते १८ व्यंजनं आणि ५ स्वर पुरतात. एखादा ध्वनी अख्ख्या यादीत एकदाच येत असेल तर ते नावच बदला. एका गावापायी एक जादा अक्षर सांभाळण्यात अर्थ नाही. ज्या ध्वनीची वर्दळ सर्वांत जास्त, त्याला सर्वांत सोपी खूण द्या. नावांचे शेवटही पाहा. नद्या ‘-वेन’ने आणि गड ‘-दार’ने संपत असतील, तर त्या शेवटांसाठी एकेक जोडाक्षर करा, नावं लगेच आखूड होतात.

आता लिपीचा प्रकार. ‘करामोरवेन’ हे नाव घ्या. स्वर आणि व्यंजन दोन्ही सुटे लिहिले तर १० अक्षरं लागतात. देवनागरीसारख्या मात्रा लावल्या तर ६. जपानी काना किंवा अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांच्या लिपीसारखी, म्हणजे ‘का’ला वेगळी खूण आणि ‘की’ला वेगळी अशी लिपी केली तरीही ६च, पण तेव्हा १५ व्यंजनं गुणिले ५ स्वर अशा ७५ खुणा काढाव्या लागतात. चेरोकी लिपीत आज ८५ चिन्हं वापरात आहेत. खरी भाषा एवढा भार पेलते, नकाशा चाळणारा वाचक पेलत नाही. मात्रांची लिपी त्यामानाने किफायतशीर, पण तिचा त्रास मराठी माणसाला वेगळा सांगायला नको: वर वेलांटी, खाली उकार, आणि खालच्या ओळीतल्या गावाच्या डोक्याला टक्कर. म्हणून सगळ्या मात्रा वरच्याच बाजूला ठेवा.

एक सापळा खास आपल्यासाठी आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर बदलायचं आणि काना-मात्रा-वेलांट्या जागच्या जागी ठेवायच्या, ही नवी लिपी नव्हे. तो देवनागरीला चढवलेला मुखवटा आहे आणि मराठी वाचक तो पाच मिनिटांत उतरवतो.

हत्यार आणि पृष्ठभाग

त्या प्रदेशातले लोक कशावर आणि कशाने लिहितात, हे आता ठरवा, कारण अक्षरांचा घाट तिथूनच येतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान तंतूंच्या दिशेने चिरतं. ओडिया अक्षरांच्या गोलाईचं कारण सहसा हेच सांगतात. उत्तर युरोपातल्या जुन्या, लाकडात कोरलेल्या रून अक्षरांत आडव्या रेघा टाळलेल्या दिसतात, कारण तंतूंना समांतर गेलेली रेघ लाकडात हरवते. ओल्या मातीत बोरू दाबला की पाचरीसारखा ठसा उठतो. तुमचे लोक दगडात कोरत असतील तर अक्षराला मऊ वेलबुट्टी चिकटवू नका.

मग ५ ते ६ फटकारे निवडा: उभी रेघ, तिरकी रेघ, अर्धवर्तुळ, आकडा, गाठ. सगळी अक्षरं एवढ्यातूनच बांधायची. चौकटीच्या कागदावर ५ घरं रुंद, ७ घरं उंच असा साचा धरा आणि एका अक्षरात तीनपेक्षा जास्त फटकारे घालू नका. जवळच्या ध्वनींना जवळची रूपं देता येतात. १४४६ मध्ये जाहीर झालेल्या कोरियन हंगुल लिपीत ‘क’च्या खुणेत एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. पद्धत सुरेख आहे, पण ती वाढीव रेघ लहान आकारात बुजते. तेव्हा फरक अक्षराच्या कडेला, रूपरेषेतच दिसू द्या. पोटातला ठिपका सर्वांत आधी मरतो.

अक्षरं तयार झाली की एकेक भराभर ५० वेळा लिहा. चाळिसाव्या वेळी हात जे काढतो ते मूळ आरेखनापेक्षा जिवंत असतं. कोपरे झिजतात, दोन फटकारे एकात मिसळतात. मोडीची वळणं अशीच, हात न उचलता लिहिण्यातून आली. दोन अक्षरं झिजून सारखी दिसू लागली तर त्यांतलं एक मुळापासून बदला.

नकाशा काय मोडतो

बहुतेक लिप्या इथे फसतात. नकाशावर त्रिकोण म्हणजे डोंगर, वर्तुळ म्हणजे गाव, नागमोडी रेघ म्हणजे पाणी, तुटक रेघ म्हणजे सीमा. यांतला एकही आकार सुटं अक्षर म्हणून घेऊ नका, नाहीतर ‘म’च्या जागी वाचक शिखर शोधेल.

फिरवल्यावर दुसरं अक्षर होणाऱ्या खुणाही टाळा. कॅनडातल्या क्री लिपीत तोच आकार फिरवून स्वर बदलतात आणि सरळ ओळीत ते उत्तम चालतं. पण नाव नदीबरोबर उभं चढलं की वरची बाजू कोणती, हेच कळत नाही. यावर आपल्या घरातलाच उपाय चांगला आहे: शिरोरेषा. ती वळणावर सुरेख वाकते आणि वर-खाली नक्की करते. मात्र राज्याचं नाव पसरून लिहिताना तीच शिरोरेषा अक्षरांमध्ये तुटते. म्हणून प्रत्येक अक्षराची दोन रूपं ठेवा: ओळीत जोडलेलं आणि मोठ्या नावांसाठी आखूड टोपीचं सुटं.

नावाआधी प्रकार सांगणारी, न उच्चारायची खूणही ठेवता येते. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराककडच्या, कीलाकार (पाचरी ठशांच्या) लिपीत नदीच्या नावाआधी नदीची खूण येई, तर ठिकाणाच्या नावामागे ‘की’ म्हणजे भूमी ही खूण लागे. नदी, गड, वन आणि गाव अशा चार खुणा पुरतात. लिपी न वाचताही माणसाला नकाशा कळू लागतो. एवढ्या कमी कष्टात इतकं देणारं दुसरं काही या कामात नाही.

मापं आणि फाँट

ए-३ कागदावर राज्याचं नाव ७ ते ८ मिमी उंच, शहर ४, गाव २.५. रेघेची जाडी उंचीच्या सुमारे आठव्या भागाइतकी, म्हणजे गावाच्या नावात ०.३ मिमी. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, २.५ मिमी म्हणजे जेमतेम ३० पिक्सेल, तेव्हा पडद्यावर मोठं करून भुलू नका, छापून पाहा. मग तो कागद निम्म्या आकारात झेरॉक्स करा आणि अक्षरांच्या तक्त्यासह कोणा दुसऱ्याच्या हाती द्या. १० नावांत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर दोष वाचणाऱ्याचा नाही. चुकलेल्या अक्षरांच्या जोड्या लिहून घ्या आणि तेवढ्याच बदला.

दहा-बारा नावांसाठी फाँट करू नका, हाताने काढा. जास्त असतील तर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं रेखून रेघांचं बाह्यरेषेत रूपांतर करा, एकमेकांवर चढलेले भाग जोडून घ्या आणि फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. नवी अक्षरं देवनागरीच्या युनिकोड जागांवर, म्हणजे संगणकात देवनागरी अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांवर, बसवू नका. संगणक तिथे देवनागरीचेच नियम लावतो: ऱ्हस्व इकार उचलून व्यंजनाआधी नेतो, तुम्ही न मागितलेली जोडाक्षरं शोधतो, आणि नाव विस्कटतं. रोमन कळांच्या जागा घ्या, किंवा युनिकोडने खासगी वापरासाठी राखलेल्या ६,४०० जागांचा मुख्य पट्टा. टंकायला रोमन सोपं. नदीचं नाव वळवायला इंकस्केपमधली ‘पुट ऑन पाथ’ ही सोय पुरते, पण प्रवाहाची रेघ जशीच्या तशी वापरली तर प्रत्येक बारीक वळणावर अक्षरं एकमेकांवर आपटतात. शेजारी वेगळी, सौम्य वळणाची रेघ काढा आणि नाव तिच्यावर बसवा.

सगळीच नावं नव्या लिपीत नकोत. राज्यं, नद्या आणि मोठी शहरं तीत लिहा, खेडी देवनागरीत ठेवा आणि तक्ता नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यात, बहुधा समुद्रात, टाका. अंतराच्या पट्टीला आकडे लागतात, हे मात्र नेहमी शेवटी आठवतं. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांप्रमाणे एकासाठी ठिपका आणि पाचासाठी आडवी रेघ घेतली की काम भागतं, फक्त ठिपक्याऐवजी आखूड उभी रेघ घ्या; ठिपके गावांनी आधीच अडवलेले असतात.