लीजवर सोलर ट्रेल कॅमेरा: पॅनल कुठं, कॅमेरा कुठं आणि हरणं मोजायची कशी

आधीच सांगतो, मी स्वतः शिकार करत नाही. टेक्सासमध्ये लॅनोजवळ आम्ही तिघा मित्रांनी मिळून १२० एकर घेतलेत, ऑस्टिनहून साधारण दीड तास, आणि सीझनला ती जमीन हरणांच्या शिकारीसाठी लीजवर देतो. बंदूक लीजवाल्याची, कॅमेरे माझे, अशी वाटणी आहे. ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा, समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. दर वर्षी कोणीतरी नवीन जमीन घेतं आणि विचारतं की कुठला सोलर कॅमेरा घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कुठला घेताय त्यापेक्षा कुठं लावताय यावरच सगळं ठरतं.

माझा पहिला कॅमेरा डोक्यावरच छोटं पॅनल असलेला होता, तो मी मस्तपैकी एका मोठ्या लाइव्ह ओकला बांधला आणि घरी आलो, म्हटलं आता वर्षभर बघायला नको. डिसेंबरात नवव्या दिवशी बंद. जाऊन बघतो तर भर दुपारी पॅनलवर गार सावली. मला वाटलं होतं हिवाळ्यात पानं गळतील, ऊन येईल, पण लाइव्ह ओक हिवाळाभर हिरवाच राहतो आणि इथं ज्याला सगळे सीडर म्हणतात ते झाड तर बारा महिने तसंच. त्यामुळं उन्हाळ्यात उभं राहून जागा ठरवू नका, हिवाळ्यात सूर्य किती खालून जातो ते डोक्यात ठेवून ठरवा. आणि अर्धं पॅनल तर उन्हात आहे ना, असं म्हणू नका, एक फांदी आडवी आली तरी चार्जिंग एकदम पडतं.

म्हणून केबलवालं वेगळं पॅनलच घ्या. कारण साधं आहे, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला पाहिजे आणि पॅनलचं दक्षिणेला. कॅमेरा पूर्वेला किंवा पश्चिमेला लावलात तर सकाळ-संध्याकाळ ऊन थेट लेन्समध्ये, आणि नेमकी तीच हरणांची यायची वेळ. आमच्याकडं कॅमेरा झाडावर आणि पॅनल दहा फूट लांब लोखंडी टी-पोस्टवर असतं. पॅनलचा कोन ४५ अंशाच्या आसपास, म्हणजे हिवाळ्याचं ऊन नीट मिळतं आणि धूळ, पक्ष्यांची घाण पावसानं खाली सरकते. केबल कॅमेऱ्यात शिरायच्या आधी तिला खाली थोडा झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि ती लोंबकळत सोडू नका, पोस्टला टाय मारून घट्ट करा, खारी कुरतडतात.

बॅटरी किती आहे ते दुपारी बघून काही कळत नाही. पहाटे बघा. रात्रभर फोटो काढून, फोनवर पाठवून जो आकडा उरतो तो खरा. तो रोज थोडा थोडा उतरत असेल तर पॅनल हलवा नाहीतर सेटिंग कमी करा, सेल्युलर कॅमेऱ्यात, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणाऱ्यात, सगळ्यात जास्त बॅटरी खातं ते अपलोड, आणि सिग्नल वीक असला की अजूनच. मी व्हिडिओ बंद ठेवतो आणि फोटो दिवसातून दोनदाच पाठवायला लावतो. पेन्सिल सेलचा कप्पा असेल तर त्यात लिथियमवाले टाकून ठेवा, बॅकअप म्हणून. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, त्यामुळं २०२१ च्या फेब्रुवारीसारखी थंडी परत पडली तर नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहता येणार नाही.

कॅमेरा साधारण तीन फुटांवर, म्हणजे हरणाच्या छातीच्या उंचीला, आणि फीडरपासून, म्हणजे हरणांसाठी मका टाकणाऱ्या डब्यापासून, पंधरा-वीस फूट लांब. समोरचं गवत कापाच, नाहीतर वारा सुटला की दोन हजार फोटो गवताचे. सेन्सर बघतो ती उष्णता, म्हणजे प्राण्याचं अंग आणि मागची जमीन यांतला फरक, त्यामुळं इथल्या ऑगस्टमध्ये चाळीस डिग्रीला जमीनच तापलेली असली की दुपारी समोरून हरीण गेलं तरी कॅमेरा गप्प बसतो. ती काही बिघाडाची खूण नाही, उगाच परत करायला धावू नका. रात्रीच्या इन्फ्रारेड फ्लॅशचं म्हणाल तर ८५० नॅनोमीटरवाला लांबचं दाखवतो पण त्याचा मिणमिणता लाल ठिपका दिसतो, ९४० वाला दिसत नाही पण त्याची रेंज कमी. रस्त्याच्या फाटकाजवळ, जिथं चोरीची भीती आहे, तिथं ९४० आणि सात फुटांवर, तोंड खाली करून.

आता मोजणी, ज्यासाठी आम्ही हे सगळं करतो. टेक्सासमध्ये जमिनीला आधीपासून शेतीचं व्हॅल्युएशन असेल, म्हणजे शेतजमीन म्हणून कमी टॅक्स लागत असेल, तर ते वाइल्डलाइफ मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली जमीन म्हणून, बदलून घेता येतं, टॅक्स तेवढाच कमी राहतो, १९९५ ला घटनादुरुस्ती होऊन हे आलं. त्यासाठी सातपैकी किमान तीन कामं करावी लागतात आणि प्राण्यांची गणना हे त्यातलं एक. पद्धत जेकबसन मेथड म्हणून ओळखतात, १९९७ ची आहे. साधारण शंभर एकरांना एक कॅमेरा, समोर मका, आणि चौदा दिवस. आम्ही ऑगस्टअखेरीला सुरू करतो, तोवर नरांची शिंगं पूर्ण वाढलेली असतात आणि सीझन लागलेला नसतो. दोन फोटोंमध्ये पाच मिनिटांचा गॅप ठेवा, नाहीतर एकच हरीण मका खात बसतं आणि कार्ड भरतं.

गंमत अशी की नर शिंगांवरून ओळखता येतात, माद्या सगळ्या सारख्याच दिसतात. मग करायचं काय, समजा नर १२० वेळा दिसले आणि शिंगं बघून ते खरे ८ निघाले, म्हणजे एकेक नर १५ वेळा आलाय. माद्या २४० वेळा दिसल्या तर २४० भागिले १५, म्हणजे १६. पिल्लं ९० वेळा, म्हणजे ६. एकूण ३० हरणं. अंदाजच आहे, पण दर वर्षी कॅमेरा त्याच जागी, त्याच दिवसांत लावला तर वाढली का घटली ते नीट कळतं. शिंगं ओळखायला प्रत्येक नराचा एक चांगला फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि त्याला नाव द्या, आमच्याकडं एक वाकड्या शिंगाचा बाजीराव आहे.

रानडुकरं येणारच. मी पहिला फोटो रत्नागिरीला मामाला पाठवला तर तो म्हणाला, "अरे हे तिकडं पण पोचले का?" जात तीच, फक्त इथं पाळीव डुकरांशी मिसळलेली. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून यांना मारायला हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही, हरणाला मात्र लागतंच. आणि हे सगळं टेक्सासचं झालं, दुसऱ्या राज्यात असाल तर आधी नियम वाचा, ॲरिझोनात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायलाच बंदी आहे. कुंपणाच्या खांबावर जांभळा पट्टा दिसला तर पलीकडं पाऊलही टाकू नका, इथं कायद्यानं त्याचा अर्थ आत येऊ नका असाच आहे.

कॅमेरा उघडताना आधी काडीनं टकटक करा. फायर अँटना आतली ऊब फार आवडते, मी एकदा सरळ झाकण उघडलं आणि मनगटापर्यंत मुंग्या, दोन दिवस हात सुजलेला. कार्ड कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि घड्याळ बघा, जनरल सीझन, म्हणजे बंदुकीनं हरणं मारायचा मुख्य सीझन, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि बहुतेक वर्षी दुसऱ्याच दिवशी घड्याळ एक तास मागं जातं, कॅमेऱ्याचं आपोआप जात नसेल तर बाजीराव साडेसहाला येतोय असं फोटोत दिसतं आणि लीजवाला पोचतो तोवर तो येऊन गेलेला असतो.