लाडकी छोटी गाडी बदलताना: शोरूमला जाण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी आरसी बाहेर काढा आणि नोंदणी कधी संपते ती तारीख दोघांनी मिळून वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. आमची अल्टो २०११ ची, ठाण्याच्या एमएच-०४ नंबरची, म्हणून यंदा घरात हा विषय निघाला. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते असं खूप जणांना वाटतं, कारण दिल्लीच्या बातम्या कानावर असतात. महाराष्ट्रात तसं नाही. आरटीओत गाडीची तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे ‘आहे तीच ठेवायची’ हा पर्यायही मांडा आणि त्याचा खर्च काढा. टायर, सस्पेन्शन, क्लच, एसी, पत्र्याचं काम, या सगळ्याचा अंदाज नेहमीच्या मेकॅनिककडून लिहून घ्या. ज्याचा गाडीवर जीव आहे त्याने हा आकडा बघायला हवा. ज्याला ती बदलायची आहे त्यालाही समोर दिसायला हवं की दुसरा मार्ग खुला आहे. तरच पुढचं बोलणं मोकळेपणाने होतं.

मग एक संध्याकाळ ठरवून दोघांनी बसा, आणि त्या बैठकीत एकाही मॉडेलचं नाव घेऊ नका. फक्त अडचणी सांगायच्या. नवरा गेली काही वर्षं ‘आता एसयूव्ही घेऊया’ एवढंच म्हणत होता आणि मी ‘नको’ एवढंच. एसयूव्ही कशासाठी, असं नीट विचारल्यावर तीन गोष्टी निघाल्या. अल्टोत खाली वाकून बसताना त्याची कंबर धरते. घोडबंदर रोडवर दोन्ही बाजूंना कंटेनर आले की त्याला आपण रस्त्यात दिसतच नाही असं वाटतं. आणि आपल्या गाडीत एअरबॅग नाहीत. या तिन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत. पहिलीला सीटची उंची हे उत्तर आहे, गाडीचा आकार नव्हे. दुसरीला थोडी उंच बैठक आणि चांगले आरसे पुरतात. तिसरी मात्र कुठल्याही युक्तिवादाने बाजूला सारता येत नाही. आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय, एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैत, शेजारच्या सीटची त्यानंतर. त्याआधीच्या छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलांत यातलं बहुधा काहीच नसायचं. गाडी बदलावी हे मला पटलं ते या एका मुद्द्यावर.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यानेही तेवढंच नीट सांगायला हवं. ‘मला आवडते’ हे कारण खरं आहे, पण त्यावरून समोरच्याला पुढची गाडी शोधता येत नाही. नेमकं काय आवडतं ते शोधा. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं की मला गाडीत बसल्या जागी चारही कोपरे कळतात. राम मारुती रोडवर दोन स्कूटर आणि एक रिक्षा यांच्यामध्ये उरलेल्या जागेत मी ती न घाबरता लावते. नौपाड्याच्या गल्लीत समोरून टेम्पो आला तरी मागे घेता येते. ती चालवताना मला कुणाची मदत लागत नाही. नव्या गाडीत हा स्वतंत्रपणा टिकला पाहिजे, ही माझी अट मी कागदावर लिहिली आणि नवऱ्याने ती मान्य केली. असं लिहून ठेवाच. शोरूमच्या झगमगाटात अटी विसरतात.

पुढचा प्रश्न, गाडी कोण चालवतं आणि कुठे. आमच्याकडे नवरा रोज लोकलने जातो, गाडी आठवडाभर माझ्याकडे असते, ऐरोलीच्या पुलावरून जायला आणि यायला. शनिवार-रविवारी तो चालवतो. सासूबाई मागे बसतात. माझं मत स्पष्ट आहे: जो जास्त चालवतो त्याच्या हाताला गाडी बसली पाहिजे, आणि जो बसतो त्याच्या गुडघ्यांना. गणपतीत कोकणात जाताना चौघं, सामान आणि येताना नारळ-फणस हा मोठ्या गाडीच्या बाजूने नेहमी येणारा मुद्दा आहे. पण त्या आठवड्यासाठी मोठी गाडी भाड्याने मिळते. उरलेलं वर्षभर जी आहे ती नौपाड्यातच लावायची असते.

आता टेप घ्या. या तयारीत हे काम सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं आहे. आपल्या पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर, खांबापासून भिंतीपर्यंतची लांबी, सोसायटीच्या गेटची रुंदी आणि गेटमधून आत वळण्याची जागा मोजा. जुन्या ठाण्यातल्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा गाड्याच लहान होत्या. अल्टो साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. वॅगनआर ३,६५५ मिलिमीटर लांब आणि १,६२० रुंद. टाटाची पंच ३,८२७ आणि १,७४२. मारुतीची ब्रेझा ३,९९५ आणि १,७९०. कंपनीने दिलेल्या रुंदीत बाहेरचे आरसे सहसा धरलेले नसतात, आणि खांबाच्या बाजूला दार उघडून माणूस उतरला पाहिजे. जमिनीवर खडूने नव्या गाडीचा चौकोन आखा आणि शेजाऱ्याची गाडी जागेवर असताना बघा. मीटरभर लांबीच्या चर्चेपेक्षा या चौकोनाने आमच्या घरात जास्त काम केलं.

घोडबंदरच्या बाजूला नव्या टॉवरमध्ये राहत असाल आणि पार्किंग यांत्रिक असेल, म्हणजे एकावर एक गाडी चढवायची, तर मोजमापाबरोबर यंत्रावरची पाटीही वाचा. तिच्यावर उंची आणि वजनाची मर्यादा असते. उंच गाडी खालच्या कप्प्यात जात नाही असं बरेचदा होतं, आणि विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे वजनाने बऱ्याच जड असतात. सेक्रेटरींकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नका.

इंधनाचं लवकर उरकता येतं. सीएनजी घ्यायची तर डिकीत टाकी किती जागा खाते ते सामान ठेवून बघा. काही गाड्यांत आता दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, त्यात सामानाला जागा उरते. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करावी लागते, आणि पंपावरची रांग तुमच्या घरी येण्याच्या वेळेला किती असते ते एकदा जाऊन बघा. विजेवरची घ्यायची तर पार्किंगपर्यंत वायर कशी येणार आणि मीटर कुठला, हे सोसायटी आणि महावितरण या दोघांशी आधी बोला.

टेस्ट ड्राइव्ह मात्र घाईत उरकू नका. शोरूमवाले बहुतेक वेळा सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणतात. तुम्ही रस्ता सांगा. उपवनकडून येऊरचा चढ घ्या, मध्ये थांबा आणि पुन्हा सुरू करा. एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी गाडी, चढावर तिला धरून ठेवणारा हिल होल्ड नसेल तर किंचित मागे सरते, ते तिथे कळतं. संध्याकाळी माजिवडा ते कासारवडवली चालवा, मेट्रोच्या कामांमुळे अरुंद झालेल्या पट्ट्यांतून. दर दहा फुटांवर थांबणाऱ्या रांगेत एएमटीचा धक्का आणि सीव्हीटी या दुसऱ्या स्वयंचलित गिअरचा सलग ओढा यांतला फरक कंबरेला समजतो. मग गल्लीत या आणि स्वतःच्या पार्किंगमध्ये गाडी लावून दाखवा, विक्रेता शेजारी बसलेला असला तरी. रिव्हर्स कॅमेरा बंद करून एकदा मागे घ्या. पावसात कॅमेऱ्यावर चिखल बसतो, तेव्हा आरशांवरच भागवायचं असतं.

दोघांनी चालवायची, दोघांनी मागे बसायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या कपड्यांत बरोबर न्या. सासूबाईंना नऊवारी नसली तरी पाचवारीत उंच एसयूव्हीत पाय टाकायला त्रास झाला, तसाच अल्टोतून उठतानाही होतो. त्यांना सोपी वाटली ती मधल्या उंचीची सीट, जिच्यावर ना चढावं लागतं ना खाली जावं लागतं. नवऱ्याच्या कंबरेलाही तीच मानवली. उंच छपराच्या छोट्या गाड्या आमच्या यादीत वर आल्या त्या इथे, त्याआधी आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हतो. पसंत पडलेल्या मॉडेलला भारत एनसीएपीने, म्हणजे गाड्यांच्या अपघात-सुरक्षा चाचणीने, तारे दिले आहेत का तेही बघा. ऑक्टोबर २०२३ पासून ही चाचणी आपल्याकडे होते. लहानांचे आणि मोठ्यांचे तारे वेगळे असतात, दोन्ही वाचा.

पैशांच्या कागदावर एक्स-शोरूम नव्हे, ऑन-रोड किंमत लिहा, म्हणजे नोंदणी, रस्ता कर आणि विमा धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनाची गाडी १८ टक्के जीएसटीत येते. लांबीची किंवा सीसीची अट मोडली की ४० टक्के. विजेवरच्या गाडीला ५ टक्के. ब्रेझाची लांबी ४ मीटरच्या आत असली तरी इंजिन जवळपास दीड लिटरचं, म्हणून ती वरच्या करात जाते. ‘छोटी एसयूव्ही’ म्हणून जे दाखवतात त्या प्रत्येकीचं इंजिन विचारा. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच कापून घेतलेला आयकर, लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. हँडलिंग चार्ज असा रकाना दिसला तर तो काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर हातात ठेवून बोला.

आणि आता जुनी गाडी. तिचं काय करायचं हे नवी बुक करण्याआधी ठरवा आणि ठरवण्याचा शेवटचा शब्द, माझ्या मते, तिच्यावर जास्त जीव असलेल्या माणसाचा असावा. एक्स्चेंजमध्ये बोनस मिळतो, पण गाडी कुठे गेली ते कळत नाही. ओळखीत दिली तर थोडे कमी येतात. भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, म्हणजे ठेवीचं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते. आमची अजून चांगली चालते, म्हणून मी भाचीला विचारलं. ती हात साफ करायला गाडी शोधत होती. एअरबॅगचं काय, हे नवऱ्याने लगेच विचारलं आणि बरोबर विचारलं. डोंबिवलीतल्या डोंबिवलीत, मोकळ्या रस्त्यावर शिकण्यापुरतीच वापरायची, असं भावाशी बोलून ठरलं.

घरात दिली तरी कागद पूर्ण करा. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते आजच बघा, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरायचे. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. अधिकृत वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला दिली तर फॉर्म २९सी, ज्यामुळे ताबा डीलरकडे गेल्याची नोंद होते. कर्ज फेडून वर्षं झाली असली तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असू शकतो, तो बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन उतरवा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबर प्लेट, लागलेली नसेल तर मालकी बदलताना अडेल. ई-चलान शून्य करा. फास्टॅग बँकेला सांगून बंद करा आणि काचेवरून काढा. तो गाडीच्या नंबराशी जोडलेला असतो, नवीला दुसरा लागतो.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. दाव्याविना गेलेल्या वर्षांप्रमाणे तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते ३ वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात वजावट मिळते. शोरूममध्ये कुणी आपणहून याची आठवण करत नाही.

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर बरेच दिवस आधी बुक करा, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच हवी असते. पितृपक्षात मात्र शोरूम रिकामं असतं, शांतपणे चालवून बघायला आणि भाव करायला तो पंधरवडा उत्तम. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी. चासी नंबरवरून बनावटीचा महिना तपासा, रंगावर हात फिरवून बघा, स्टेपनी आणि जॅक आहेत का ते उघडून बघा, आणि ती पहिल्यांदा घरापर्यंत कोण आणणार ते आदल्या रात्री ठरवा. आमच्याकडे मी आणणार आहे.

जुनी गाडी देताना तारीख आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सह्यांनी करा, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसची पुस्तिका द्या, सगळ्याचे फोटो ठेवा. हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्यानंतर एमपरिवहन या सरकारी ॲपवर आपला जुना नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते बघत राहा. ते बदलेपर्यंत येणारं प्रत्येक चलान तुमच्याच मोबाइलवर येईल.